चर्चच्या मंडळीकडून गावाने काय घ्यावे?

कास्तकार बंधू-भगिनींनो, तसेच सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), आज बी-बियाणे आणि खतांचा विषय थोडा बाजूला ठेवू. आज माणसे जमवण्याविषयी बोलू.

ग्रामसभेचे काय होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कायदा सांगतो, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे हजर पाहिजेत. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून पुढच्या खेपेला मोजक्या माणसांत ठराव मंजूर! आमच्या शेतकरी मेळाव्यांचेही तेच. मांडव मोठा, खुर्च्या भरपूर, आणि माणसे चहापुरती.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, लोकांना वेळच कुठे आहे?" पण तसे म्हणावे तर भजनाला माणसे जमतात. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जमतात. बुद्धविहारात, मशिदीत जमतात. आणि चर्चमध्ये तर दर रविवारी जमतात, बोलावणे न पाठवता. मग ही मंडळी असे काय करते जे आपल्याला साधत नाही? मुकुटबन, झरी, वणी या आपल्या भागात ख्रिस्ती घरे थोडी. त्यामुळे चर्चचा कारभार आतून कसा चालतो हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून मुद्दाम सांगतो.

नाव अवघड, अर्थ सोपा

इंग्रजीत ज्याला 'एपिस्कोपल पॅरिश' म्हणतात त्यातले दोन्ही शब्द मूळ ग्रीक भाषेतले. 'एपिस्कोपल' म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचे. बिशप या शब्दाचा मूळ अर्थच देखरेख करणारा. आमच्या खात्यात पर्यवेक्षक हा शब्द जुना, त्यातलाच हा प्रकार समजा. 'पॅरिश'च्या मुळाशी शेजारवस्ती असा अर्थ आहे. वसईकडचे मराठी कॅथलिक लोक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट लोक नुसते 'मंडळी' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, इमारतीपेक्षा त्यात माणसांचा हिशेब आधी येतो.

वर्धा नदीपलीकडचे चर्च

आपल्याला सर्वात जवळचे उदाहरण चंद्रपूरचे, म्हणजे जुन्या चांद्याचे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्याला मिशन सुरू केले. तिथले सेंट अँड्र्यूज चर्च त्याच परंपरेतले. संत अँड्र्यू हा स्कॉटलंडचा आश्रयदाता संत, म्हणून हे नाव. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले, त्या काळातून ही मंडळी गेली आहे. चांद्याला अनेक वर्षे काम केलेले पाद्री अलेक्झांडर वुड पुढे १९२६ ते १९३६ या काळात नागपूरचे बिशप होते. नागपूरचा धर्मप्रांत १९०३ सालचा. त्याचे पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी आपल्या गोंड मुलखावर 'द स्टोरी ऑफ गोंडवाना' हे पुस्तक लिहिले, ते १९१६ साली निघाले.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथेच सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. पूजेच्या पद्धती वेगळ्या, बाप्तिस्मा देण्याच्या रीती वेगळ्या, तरी बसून, बोलून, एक घटना लिहून काढून ते एक झाले. एका धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथॉडिस्ट मंडळी जुनी. त्यांच्यातही बिशप असतात, पण त्यांची घडण निराळी. उमरीचा मिशन दवाखाना त्यांचाच. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळलाच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तेव्हा हा विषय आपल्या जिल्ह्याला अगदीच परका नाही.

मंडळी आणि ग्रामपंचायत

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षे गावाचा कारभारच पॅरिश पाहत असे. रस्ते दुरुस्त करणे, गोरगरिबांना मदत देणे ही कामे पॅरिशच्या सभेकडे होती. या सभेला 'व्हेस्ट्री' म्हणत, कारण ती चर्चमधल्या पाद्र्यांचे झगे ठेवण्याच्या खोलीत भरे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम १५३८ साली निघाला. आपले जन्म-मृत्यू रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. पुढे १८९४ च्या कायद्याने गावकारभार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे गेला. म्हणजे तिथली ग्रामपंचायत निघाली ती चर्चच्या खोलीतून.

व्हेस्ट्री हे नाव अमेरिकेच्या आणि स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चमध्ये अजून चालते. वर्षातून एकदा सर्व सभासदांची सभा भरते, हिशेब मांडला जातो आणि समितीची निवडणूक होते. आपल्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळकाच्या सोबतीला पास्टोरेट कमिटी असते, तीही निवडून येते. आता तिथे सगळे देवमाणसेच असतात असे समजू नका. निवडणूक आली की तिथेही गट पडतात, रुसवेफुगवे होतात. पण पुढच्या रविवारी दोन्ही गटांना त्याच बाकांवर येऊन बसावे लागते. भांडणानंतर पुन्हा भेटण्याचा दिवस आधीच ठरलेला आहे, ही मोठी सोय!

वर्षाचे पंचांग

मंडळीचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते सुरू होते आगमन काळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. हा रविवार नेहमी ३० नोव्हेंबरच्या, संत अँड्र्यूच्या दिवसाच्या, आगेमागे येतो. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी भरात असते. मग डिसेंबरभर तरुण मंडळी रात्री घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी पदे पेटी-ढोलकीवर म्हटली जातात. २५ डिसेंबरला नाताळ.

त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपली हरभरा-गव्हाची काढणी चालू असते तेव्हा, राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि मग ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२६ साली चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, २८ मार्चला ईस्टर. पंचांग वेगळे, पण चंद्र एकच.

सभा, शिबिरे, प्रशिक्षणे ठरवणाऱ्यांनी हे दिवस डायरीत लिहून ठेवावेत. ज्या गावात चार ख्रिस्ती घरे आहेत तिथे रविवारी सकाळी किंवा उत्तम शुक्रवारी बैठक लावू नये. आणि नाताळच्या आठवड्यात वेचणीला मजूर कमी पडतील, तर चिडू नका. पोळ्याला आपण कुणाच्या वावरात कामाला जातो का?

कापणीचा सण

कास्तकारांच्या जिवाभावाचा सण म्हणजे कापणीचा सण. आज चालतो त्या पद्धतीने तो इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील मॉरवेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाद्र्याने १८४३ साली सुरू केला. आपल्याकडे त्या त्या मंडळीच्या हंगामाप्रमाणे दिवस ठरतो. लोक ज्वारी, तूर, भोपळे, पपया, कोंबडी, अंडी असे जे पिकले ते चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की बाहेर लिलाव होतो. पाच रुपयांचे लिंबू पन्नासला जाते, घेणारा ते परत अर्पण करतो, पुन्हा लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला.

आपली सीतादही आठवा. कापसाच्या पहिल्या वेच्याला आपल्या बाया पऱ्हाटीची पूजा करतात. भाव तोच, पहिले देणे देवाचे. फरक इतकाच की सीतादही ज्याच्या त्याच्या वावरात होते, आणि कापणीचा सण सगळ्यांचा मिळून होतो. ज्याचे पीक बुडाले तोही तिथे येतो, आणि त्याचे बुडाले हे सगळ्यांना कळते.

रिकामी जागा

आता खरा मुद्दा. दर रविवारी तीच माणसे त्याच बाकांवर बसत असली, की कोण आले नाही ते लगेच दिसते. दोन रविवार जागा रिकामी राहिली, की महिला संघातली कुणी बाई किंवा पाळक त्या घरी जातो. "दिसला नाहीस, बरं आहे ना?" एवढेच विचारतो. घरी बसून प्रार्थना होते, चहा होतो.

बंधूंनो, आपला जिल्हा कोणत्या कारणाने देशभर ओळखला गेला ते मी लिहायला नको. २०१५ साली शासनाने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान आणले. योजना येतात, जातात. पण कर्जाने आणि नापिकीने खचलेला माणूस आधी लोकांत येणे बंद करतो. पारावर येत नाही, भजनाला येत नाही, कृषी केंद्रासमोरून मान खाली घालून जातो. त्याची रिकामी जागा कुणाला दिसते का? कर्ज फेडणे शेजाऱ्याच्या हातात नाही. पण त्याच्या ओट्यावर जाऊन बसणे तर आहे!

आपण काय करावे?

१) गावाचे पंचांग करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा पाठच आहेत. त्यांच्या जोडीला वर्षभरातल्या शेतीच्या बैठकांचे दिवस आधीच ठरवून भिंतीवर लिहा. दिवस एकदा ठरला की बदलू नका, चार माणसे आली तरी बैठक घ्या. सवय लागायला दोन हंगाम जातील.

२) हिशेब वाचून दाखवा. वर्गणी असो की निधी, नुसता कागद चिकटवू नका, मोठ्याने वाचा. जिथे हिशेब ऐकू येतो तिथे माणूस पुन्हा येतो.

३) दहा घरांमागे एक माणूस नेमा. त्याचे काम एकच, बैठकीला कोण दिसले नाही ते पाहणे आणि त्याच्या घरी जाणे. बाया हे काम पुरुषांपेक्षा चांगले करतात, त्यांना पुढे करा.

४) सूचना सगळीकडे द्या. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी मंडळीच्या सूचना वाचून दाखवतात. पाळकांना भेटून आपलीही एक चिठ्ठी द्या. भजनी मंडळ, विहार, मशीद सगळीकडे द्या. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात किती जीव गेले, ते विसरता येत नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि उपाशीपोटी फवारणी नको, या चार गोष्टी जिथे माणसे विश्वासाने बसतात तिथे सांगितल्या तर जास्त आत उतरतात. नाताळच्या सुमारास हीच चिठ्ठी अशी असावी : फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, म्हणजे गुलाबी बोंडअळीची साखळी तुटेल.

५) बोलावले तर जा. नाताळला किंवा कापणीच्या सणाला कुणी ख्रिस्ती शेजारी बोलावेल तर खुशाल जावे. मागच्या बाकावर बसावे, लोक उभे राहिले की उभे राहावे. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस त्यांच्या सभासदांसाठी असतो, तेव्हा आपण जागेवर बसून राहिलो तरी कुणाला वाईट वाटत नाही. कापणीच्या सणाला जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. शेंगा न्या, तुरीची दोन पायल्या डाळ न्या, आणि लिलावात एखादे लिंबूही घ्या.

यातल्या कोणत्याही गोष्टीला शासनाचा आदेश लागत नाही, निधीही लागत नाही. येत्या ग्रामसभेत पहिले दोन मुद्दे मांडून पाहा. आणि सभा संपल्यावर, जो आला नाही त्याच्या घरावरून परत जा.