विषय नेमका, तर पत्र वाचनीय
कार्यालयात आलेले टपाल 'विषय' वाचूनच संबंधित टेबलाकडे पाठविले जाते. ई-मेलद्वारे मालाची विक्री करतानाही या ओळीचे महत्त्व तेवढेच आहे. राजगडाच्या वाटेवरील मार्गासनी परिसरात भात पिकतो. येथील एखाद्या बचत गटाने पुण्याच्या ग्राहकांना 'महत्त्वाची माहिती' एवढाच विषय लिहिला, तर ते पत्र बहुधा न उघडताच राहील. त्याऐवजी 'नवा इंद्रायणी तांदूळ : शनिवारपर्यंत मागणी नोंदवा' असे लिहावे. यात माल, मुदत आणि ग्राहकाने काय करावे, हे तिन्ही येते. मोबाईलवर लांब ओळ अर्धीच दिसते. म्हणून मुख्य शब्द आरंभी असावेत. खोटी निकड वा आमिष मात्र दाखवू नये. एकदा विश्वास उडाला, की पुढील हंगामाचे पत्र कोण उघडणार?