काचेवरचा हिमालय

हिमालयातील आरंभीच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की सॅम्युएल बोर्नचे नाव येतेच. नॉटिंगहॅमच्या बँकेतली कारकुनी सोडून तो १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने हिमालयात तीन मोहिमा केल्या आणि १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत कॅमेरा उभा केला. त्याच मोहिमेत त्याने गंगोत्री हिमनदीचेही फोटो घेतले. त्याच्या चिकाटीविषयी वाद नाही. तरीही या फोटोंना आज हिमनद्यांच्या अभ्यासात पुराव्याची किंमत आली आहे ती मुख्यतः त्या काळच्या अवजड तंत्रामुळे, असे माझे म्हणणे आहे.

हे तंत्र होते ओल्या कलोडियनचे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत कलोडियनचा चिकट द्राव काचेवर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवायची. काच वाळली की खेळ संपला. त्यामुळे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या डोंगरावर न्याव्याच लागत, आणि नेत ते पहाडी हमाल. श्रेयाच्या यादीत मात्र त्यांची नावे नाहीत. तेव्हा निगेटिव्ह मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नव्हती. मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी, म्हणून बोर्नच्या काचा बारा बाय दहा इंचांच्या असत. कागद थेट काचेला भिडवून छापल्याने खडकाची भेग न् भेग उमटे.

यावर पहिला आक्षेप रसायनाचा. कलोडियनवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई, म्हणून आकाश कोरे पांढरे येई आणि हिमशिखरे त्यात विरत. आक्षेप खरा आहे, पण तो शिखरांपुरता. हिमनदीच्या मुखाभोवती काळे खडक आणि दगडगोटे असतात. तिथे बर्फाची कड स्पष्ट दिसते, आणि अभ्यासकाला हवी असते ती कडच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: बोर्न देखाव्याच्या शोधात होता, मोजणीच्या नव्हे. हिमालयात तळी आणि हिरवळ कमी, अशी त्याची कुरकुरही होती. पण चौकट निवडता आली तरी चौकटीतला डोंगर काही हलवता येत नाही. मागची कड्यांची रेषा ओळखली की कॅमेऱ्याची जागा बरीचशी शोधता येते. एका फोटोवरून हिमनदी मागे हटण्याचा वेग कळत नाही, हे कबूल. त्यासाठी नंतरची नोंद हवी. गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा, म्हणजे गोमुखाचा, पद्धतशीर नकाशा भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये केला, आणि त्याआधीच्या ६९ वर्षांसाठी बोर्नच्या काचेसारखा साक्षीदार विरळाच.

बोर्नने १८७० च्या सुमारास हिंदुस्थान सोडला. त्याच्या नावाने चाललेल्या कोलकात्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागली, संग्रहाचा मोठा भाग जळाला आणि २०१६ मध्ये स्टुडिओही बंद झाला. आता अभ्यासकांची भिस्त आहे ती ठिकठिकाणच्या संग्रहांत आणि जुन्या अल्बमांत टिकलेल्या कागदी छापांवर.