कोविडची ड्युटी आणि संशोधनाचे शिक्षण

कोविडकाळात निवासी डॉक्टरांनी (एमडी, एमएस करता करता रुग्णालयात काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी) इतके रुग्ण पाहिले, म्हणजे संशोधनही आपोआप शिकून झाले, असा समज आहे. रुग्णसेवा त्यांनी जिवावर उदार होऊन केली. पण संशोधन शिकणे म्हणजे आधी नेमका प्रश्न ठरवणे, नीतिसमितीची (संशोधनातील रुग्णांचे हित जपणारे मंडळ) परवानगी घेणे, रुग्णाची लेखी संमती मिळवणे आणि ठरल्या मुदतीपर्यंत त्याचा पाठपुरावा करणे.

शेतकरी नवे खत आजमावताना शेजारचा एक वाफा खताविना ठेवतो. तुलनेशिवाय खताचा गुण कळत नाही. उपचाराचेही तसेच. 2020 मध्ये प्लाझ्मासाठी (कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव, जो उपचार म्हणून रुग्णांना दिला जाई) नातेवाईक दारोदार फिरत होते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 39 केंद्रांतल्या 464 रुग्णांत अशी तुलना केली, तेव्हा प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत आणि आजार बळावणेही थांबत नाही, असे दिसले. नुसते रुग्ण पाहून हे कळले नसते.

असे संशोधन शिकण्यासाठीच एमडी-एमएसला प्रबंध (स्वतः केलेल्या अभ्यासाचा लेखी अहवाल) सक्तीचा असतो. एप्रिल 2020 मध्ये मुंबईचे नायर रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. ठिकठिकाणी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध घेतलेल्याने रुग्ण आणायचे कुठून? संशोधनाला लागणाऱ्या संख्याशास्त्राचे वर्ग ऑनलाइन झाले, हे चांगलेच. पण टाळेबंदीत गावी अडकलेल्या रुग्णाची फोनवर विचारपूस करता येते, त्याचा गुडघा किती अंशांत वाकतो हे मोजता येत नाही.