उरलेले दोघे गेले कुठे?

समजा, तुमच्या वर्गातील ४० विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण संगणकात एका तक्त्यात साठवले आहेत. तुम्ही संगणकाला विचारले, "३५ पेक्षा कमी गुण कोणाला?" पडद्यावर ६ नावे आली. मग विचारले, "३५ किंवा अधिक गुण कोणाला?" ३२ नावे आली. बेरीज झाली ३८! दोघे गेले कुठे?

१९६० च्या दशकात संगणकातील माहिती शोधण्यासाठी कोणत्या वाटेने जायचे हेही प्रोग्रॅममध्ये लिहावे लागे. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना सुचवली. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते संगणकाने ठरवावे! या कल्पनेवर त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली एक प्रश्नभाषा मांडली. तीच आजची 'एस्क्यूएल'.

१९७९ साली ही भाषा वापरणारी 'ओरॅकल' प्रणाली बाजारात आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रश्न टंकित करण्यासाठी 'यूएफआय' हे साधन असे. त्याचेच पुढचे रूप म्हणजे 'एस्क्यूएल प्लस'. त्यात फक्त शेवटचा प्रश्न लक्षात राही. एक अक्षर चुकले, तर ओळीचा क्रमांक देऊन 'या अक्षराऐवजी ते घाल' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागे.

पण यात फक्त वेळ जातो. खरी मर्यादा वेगळीच आहे. असे साधन वाक्याचे व्याकरण तपासते. तुमचा हेतू त्याला कळत नाही.

आपले ते दोघे परीक्षेला गैरहजर होते. त्यांच्या गुणांची जागा रिकामी आहे. एस्क्यूएलमध्ये तिला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, तर 'माहीत नाही'. माहीत नसलेली संख्या ३५ पेक्षा कमी आहे का? उत्तर 'होय' नाही आणि 'नाही'ही नाही. तेही 'माहीत नाही' असेच येते. आणि संगणक फक्त 'होय' उत्तराच्या ओळी दाखवतो. म्हणून दोघेही दोन्ही याद्यांतून गळाले, तेही कोणतीही सूचना न देता! "कोणाचे गुण नोंदलेले नाहीत?" असा तिसरा प्रश्न विचारल्यावरच ते सापडतील.

प्रयोगशाळेतही न घेतलेले वाचन म्हणजे शून्य नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता एक गणित. सर्वांच्या गुणांची बेरीज १९०० आहे. संगणकाला सरासरी विचारली, तर तो ३८ ने भागून ५० सांगेल. गैरहजरांना शून्य धरले, तर सरासरी ४७.५ येते. निकालपत्रावर कोणती लिहावी? हे मात्र तुम्हीच ठरवायचे!