विटा मागणारे विद्यार्थी

2014च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या व्हर्सायला देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी सौरऊर्जेवर चालणारी राहती घरे उभारली. ‘सोलर डेकॅथलॉन युरोप’ या स्पर्धेत भारताचा संघ तेव्हा पहिल्यांदाच उतरला होता. आयआयटी मुंबई आणि रचना संसदची अकॅडमी ऑफ आर्किटेक्चर यांच्या विद्यार्थ्यांची ती ‘टीम शून्य’. त्यांचे ‘एच नॉट’ हे घर आधी पवईत उभे राहिले, मग सुटे होऊन समुद्रापार गेले आणि तिथे पुन्हा जोडले गेले. 2018मध्ये याच नावाचा संघ चीनमधल्या देझोऊच्या स्पर्धेतही उतरला. असे घर केवळ महाविद्यालयाच्या निधीतून होत नाही. सौरपॅनेल, काच, वायरिंग, नळजोडणी यांसाठी विद्यार्थ्यांना कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. ही धावपळ शिक्षणाच्या आड येते असे अनेकांना वाटते. माझ्या मते बांधकामाच्या शिक्षणातला तो सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नाशिकने तो मनापासून स्वीकारायला हवा.

रोख देणगी मागताना एक आकडा सांगितला की भागते. माल मागताना मात्र सगळा हिशेब पाठ असावा लागतो. सिमेंट कोणत्या प्रकारचे, गोणी किती, स्लॅबच्या किती दिवस आधी साइटवर हव्यात, पावसाळ्यात त्या कुठे रचणार? तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, हे पुस्तकात एका ओळीत असते. गोदामात पडून राहिलेल्या गोण्या कुणी देऊ करतो तेव्हा त्या ओळीचे वजन कळते. सळईही नुसती मागून चालत नाही; व्यास, ग्रेड आणि टनात वजन सांगावे लागते. देणारा कारखानदार त्या मालात मुरलेला असतो, त्यामुळे अंदाजपत्रकातली चूक तो पहिल्याच भेटीत दाखवतो. अशी परीक्षा कोणतीही प्रश्नपत्रिका घेत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की फुकट मिळालेला माल आराखडा वाकवतो. दाता टाइल्स देतो म्हणून जिथे नकोत तिथेही टाइल्स बसतात. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे आधी आराखडा, मग यादी, आणि यादीबाहेरच्या मालाला नम्र नकार. आलेल्या मालाचीही विकतच्या मालाइतकीच कडक तपासणी व्हावी. काँक्रीटच्या क्यूबची 28 दिवसांची चाचणी दानशूरपणा पाहून सौम्य होत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. वस्तुरूप देणगीला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही आणि भेट दिलेल्या मालावरचे जीएसटीचे क्रेडिटही कंपनीला सोडावे लागते. म्हणून दात्याला पुण्याखेरीजही काही द्यायला हवे. आपल्या विटेच्या भिंतीआड उन्हाळ्यात तापमान किती राहिले, याची विद्यार्थ्यांनी वर्षभर ठेवलेली नोंद उत्पादकाच्या खऱ्या उपयोगाची असते. तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य मागितले आणि मुलांना कष्ट करून शिकायला लावले. त्या मागण्याने कुणाची मान खाली गेली नाही, कारण प्रत्येक मुठीचा उपयोग लोकांच्या डोळ्यांसमोर होता. लाज मागण्यात नसते, हिशेब न देण्यात असते.

नाशिकला यासाठी दूर जावे लागणार नाही. 1914मध्ये स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था लोकांच्या वर्गणीवरच वाढली. आज शहरात अभियांत्रिकीची आणि वास्तुकलेची महाविद्यालये आहेत, सातपूर-अंबडला कारखाने आहेत, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख विटांना उपयोगी पडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या गावांना वाचनालय किंवा शाळेची जादा खोली हवीच असते. दरवर्षी अशी एकच छोटी वास्तू विद्यार्थ्यांनी हाती घ्यावी. आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याची सही असावी, धोक्याची कामे अनुभवी मिस्त्रीकडे असावीत आणि कुणी काय दिले, कुठे लागले, किती उरले याचा फलक प्रवेशद्वारापाशी असावा. उरलेला माल पुढच्या तुकडीच्या नावे जमा व्हावा. असा फलक वाचून गेलेल्या कारखानदाराकडे पुढच्या वर्षी विद्यार्थी गेले, तर त्यांना आपली ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही.