डबीतला अ‍ॅम्प्लिफायर

भाच्याने न्यूजर्सीहून पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची चपटी डबी आणली होती. गोळ्या आठवड्याभरात संपल्या, डबी मी ठेवून घेतली. आता तिच्यात नऊ व्होल्टची एक बॅटरी, काडेपेटीएवढा झिरो पीसीबी, आठ पायांची एक आयसी, दोन जॅक आणि व्हॉल्युमचं एक बटण आहे. एका जॅकमध्ये फोनकडून येणारी वायर जाते, दुसऱ्यात हेडफोन. हा माझा खिशातला अ‍ॅम्प्लिफायर.

आराखडा माझा नाही. चू मॉय नावाच्या अमेरिकी हौशी माणसाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो फुकट जाहीर केला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो पेपरमिंटच्या डब्यांत बसवायला सुरुवात केली. त्याच्याच नावावरून त्याला ‘सीमॉय’ म्हणतात. आयसी सोडली तर बाकीचे सुटे भाग वडापावच्या भावात मिळतात. लॅमिंग्टन रोडवर मी ‘ओपीए २१३४’ मागितली, तर दुकानदाराने न बघताच सांगितलं, “ती नाही. ४५५८ घेऊन जा, सगळे तीच नेतात.” ती आयसीही वाईट नाही. पण मी हट्टाने दुसऱ्या दुकानात गेलो.

असं यंत्र ऐकून झालं की लोक काय लिहितात ते ठरलेलं असतं: पडदा बाजूला झाला, खर्ज भरला, वाद्यं मोकळी झाली. मीही पहिल्या संध्याकाळी वहीत असंच काहीतरी लिहिलं होतं. ते किती खरं होतं हे तपासायला मला पुढे दोन महिने लागले. तपासायचं कसं ते कळण्यासाठी आधी ही डबी करते काय ते पाहावं लागेल.

हेडफोनच्या आत एका पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या फटीत मागेपुढे हलतं. बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेतले तर वेटोळ्याचा रोध वाढतो. काही मोठ्या हेडफोनांत तो ३०० ओहमही असतो, सेन्हायझरचा एचडी ६५० हे त्याचं नेहमीचं उदाहरण. जाड तारेचे थोडे वेढे घेतले तर रोध १६ किंवा ३२ ओहम भरतो, तो फोनबरोबर वापरायच्या इअरफोनचा. पहिल्याला व्होल्टेज जास्त लागतं आणि करंट कमी. दुसऱ्याचं नेमकं उलट.

हिशेब करून बघू. समजा दोन्ही हेडफोन एका मिलिवॉटला ९७ डेसिबल आवाज देतात. आपण घरात नेहमी ऐकतो तो आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास असतो, आणि त्यासाठी एका मिलिवॉटचा पन्नासावा भागही पुरतो. इतक्या थोड्या शक्तीवर भीमसेन जोशी गातात, याचं मला अजूनही नवल वाटतं. पण संगीत सपाट नसतं. सरासरी ८० असताना एखादी समेवरची थाप किंवा तार सप्तकातली पुकार क्षणभर कितीतरी वर जाते. वाईटात वाईट शिखर ११० डेसिबलचं धरलं तर त्या ९७ च्या वर वाढ झाली १३ डेसिबलची. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते, तेव्हा १३ ला वीसपट, म्हणजे २० मिलिवॉट. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यासाठी ०.८ व्होल्ट पुरतात, ३०० ओहमच्या हेडफोनला जवळजवळ २.४५ लागतात. अ‍ॅपलचा फोनला हेडफोन जोडायचा तो शेपटीएवढा यूएसबी-सी डाँगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. इअरफोनला तो पुरून उरतो, मोठ्या हेडफोनला ऐन शिखरावर अपुरा पडतो. या डबीची गरज कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे इथेच बहुतेक ठरलं.

आता झाकण उघडू. ध्वनीची लहर शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते, पण बॅटरीला टोकं दोनच. मधलं शून्य आणायचं कुठून? सीमॉयमध्ये बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ४.७ के, म्हणजे किलोओहमचे, दोन रेझिस्टर एकापुढे एक लावतात आणि त्यांच्या मधल्या सांध्याला शून्य म्हणतात. तिथून वर साडेचार व्होल्ट, खाली साडेचार व्होल्ट. हा बिंदू डळमळू नये म्हणून दोन्ही बाजूंना २२० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर असतो. डाव्या-उजव्या दोन्ही कानांचा करंट याच सांध्यातून परत जातो. तिथे मिळतील ते लहान कपॅसिटर टाकले तर खर्ज पातळ होतो. मी आधी तेच केलं होतं. हे मानलेलं शून्य मला कधीच फारसं आवडलं नाही. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने ‘ओ-टू’ नावाचा दुसरा खिशातला अ‍ॅम्प्लिफायर जाहीर केला. त्याने सरळ नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वापरल्या, म्हणजे मधलं शून्य आपोआप खरं मिळालं. रचना म्हणून ती अधिक चोख आहे. पण पेपरमिंटच्या डबीत ती मावत नाही.

आयसीच्या पोटात दोन ऑप-अँप असतात, प्रत्येक कानाला एक. ऑप-अँपचा स्वभाव हट्टी असतो. त्याच्या दोन पायांवरच्या व्होल्टेजमध्ये तसूभर जरी फरक दिसला, तरी तो फरक मिटेपर्यंत तो बाहेरचं टोक वर-खाली ओढत राहतो. एका पायावर फोनकडून आलेलं गाणं असतं. दुसऱ्या पायावर आपण त्याला त्याच्याच बाहेरच्या टोकाचा एक अंश परत दाखवतो: १० के आणि १ के या दोन रेझिस्टरांतून, म्हणजे बरोबर अकरावा हिस्सा. तो अकरावा हिस्सा मूळ गाण्याइतका व्हावा म्हणून ऑप-अँपला बाहेर अकरापट व्होल्टेज द्यावं लागतं. गेन ११ म्हणतात तो हा. यातली खरी हुशारी वाढवण्यात नाही. ऑप-अँप सतत स्वतःचंच आउटपुट मूळ गाण्याशी ताडून पाहतो, त्यामुळे त्याची स्वतःची वाकडीतिकडी चाल जवळजवळ पुसली जाते. चांगल्या ऑप-अँपला स्वतःचा ‘स्वर’ ऐकू येण्याजोगा उरत नाही, तो यामुळे.

अकरापट मात्र आजच्या फोनांसाठी फार झालं. मी पहिल्यांदा इअरफोन जोडले तेव्हा बटण जेमतेम हललं आणि तानपुरा अंगावर आला. शिवाय व्हॉल्युमच्या बटणामागच्या स्वस्त पॉटमध्ये डाव्या-उजव्या पट्ट्या सुरुवातीच्या टप्प्यात सारख्या नसतात. त्यामुळे हळू आवाजात गायक एका कानाकडे सरकून बसतो. उपाय सोपा: १ के काढून त्या जागी ४.७ के झाळला. गेन ३ च्या आसपास आला, बटण मधोमध येऊन बसलं आणि गायकही.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध. काही इअरफोनांचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. एका जागी ८ ओहम, दुसऱ्या जागी ४०. त्यांना १० ओहम आउटपुटचं यंत्र जोडलं तर त्या दोन जागांत ५ डेसिबलचा फरक पडतो, आणि तेवढ्यात आवाजाचा तोंडवळा बदलतो. म्हणून यंत्राचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ‘या यंत्राचा खर्ज भरदार आहे’ असं कुणी सांगितलं की मी आधी हा आकडा विचारतो. कित्येकदा भरदारपणा तिथूनच आलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खरखर आणि घुरघुर. नाजूक इअरफोन लावून गाणं थांबवलं तर मागे बारीक ‘स्स्स’ ऐकू येतो. गेन कमी केल्यावर तोही बराच मिटला. फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून येणारी ती ‘टर्र-टर्र’ जुन्या लोकांना आठवत असेल. टूजीचा फोन सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत प्रक्षेपण करतो, तो तो आवाज. प्लास्टिकच्या डबीतला अ‍ॅम्प्लिफायर तो बिनदिक्कत पकडतो. पत्र्याची डबी शून्याला जोडली की तो बराच गळतो. गोळ्यांच्या डबीचा हा फायदा कुणी हेतूने शोधला असेल असं वाटत नाही.

आता ऐकण्याकडे येऊ. दोन यंत्रांत जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. मोठं आहे असं जाणवतही नाही, फक्त ‘स्पष्ट’ वाटतं, ‘भरीव’ वाटतं. त्यात हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे आवाज थोडा चढला की डग्गा आपोआप पुढे येतो. म्हणून दोन्हींचा आवाज आधी व्होल्टेज मोजून एकसारखा करावा लागतो, आणि तोही ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे ३०० मिलिव्होल्टला जास्तीत जास्त ३ मिलिव्होल्टचा फरक. इथे माझा पिवळा मल्टिमीटर निकामी ठरला. त्याची एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची. शेजाऱ्याचा चांगला मीटर मागून आणला. साधे मीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात, म्हणून फोनवर १०० हर्ट्झचा सूर लावून मोजलं. हजार हर्ट्झचा सूर लावला तर अशा मीटरचं वाचन चुकू शकतं.

मग मुलीला बसवलं. हेडफोन एकदा डाँगलला थेट आणि एकदा डबीतून, अशी अदलाबदल करणारा स्विच तिच्या हातात, माझी पाठ तिच्याकडे. ती नाणं उडवून ठरवायची आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. तानपुरा निवडला, कारण मिरजेच्या कारागिराने जवारी नीट लावलेली असली की एका तारेतून वरच्या सुरांचा सगळा पिसारा उमटतो. यंत्रात काही खोट असेल तर ती तिथे दिसावी. इअरफोनवर २० पैकी ११ उत्तरं बरोबर आली. नुसत्या नाण्याची १० आली असती; काही सिद्ध करायचं तर निदान १५ हवी होती. “बाबा, तू नुसते अंदाज मारतोयस,” ती म्हणाली. ३०० ओहमच्या हेडफोनवर मध्यम आवाजात १२ आली. वहीतलं पहिल्या संध्याकाळचं पान मी फाडलं नाही, पण त्याखाली या चाचणीची तारीख टाकून ठेवली.

मग फरक कुठेच नाही? आहे. एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण फार हळू आवाजात साठवलेलं आहे. त्यातला आलाप नीट ऐकायचा तर डाँगलचा आवाज शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि तरी थोडी ओढाताण उरते. डबीतून तोच आलाप बटण अर्ध्यावर असताना निवांत ऐकू येतो, आणि पुढे तराण्यात थापा चढतात तेव्हाही वर जागा उरते. नऊ व्होल्टवर डबी ३०० ओहमला साधारण २ व्होल्ट देते, डाँगलच्या दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. एवढीच, पण त्या मैफलीला तेवढीच कमी पडत होती. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेली ध्वनिमुद्रणं डबीतून ऐकली तर फक्त तबकडीची खरखर अधिक मोठी होते.

बॅटरी उतरल्याचंही कानालाच आधी कळतं. सगळं मिळून यंत्र सुमारे १० मिलिअँपिअर खातं, अल्कलाइन बॅटरी तीस-चाळीस तास चालते, नेहमीची स्वस्त जस्ताची त्याहून बरीच कमी. व्होल्टेज सातच्या खाली गेलं की हळू गाणं ठीक चालतं, पण जोरकस तान वर चढताना कडेला फाटते. तेव्हा हेडफोनला दोष देऊ नये, बॅटरी बदलावी.

माझ्यापुरता निकाल असा: ३२ ओहमचे इअरफोन थेट डाँगलला, ३०० ओहमचा हेडफोन डबीला. तुम्ही असं यंत्र करणार किंवा विकत घेणार असाल तर आधी आपल्या हेडफोनच्या खोक्यावर ओहम आणि डेसिबल हे दोन आकडे वाचा. गरज आहे की नाही ते तिथेच कळेल. आणि डबी चालू करताना हेडफोन कानावर ठेवू नका. मधलं शून्य स्थिर व्हायला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात ‘धप्’ असा आवाज येतो. आधी बटण शून्यावर, मग स्विच, मग पिन, आणि शेवटी कान.