तार तुटण्याआधीच दुसरी वाट



धानविक्रीची नोंदणी, सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आता इंटरनेटवरून होतात. गावापर्यंत इंटरनेट आणणारी काचेची तार बहुधा रस्त्याच्या कडेने जमिनीत पुरलेली असते. खोदकाम करणाऱ्या यंत्राचा एक घाव बसला, की गाव मुके होते आणि अर्जाची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून तारेला दुसरी वाट हवी.

गोंदिया जंक्शन डोळ्यांसमोर आणा. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून जातो. एक फाटा नागभीडवरून बल्लारशाहला, दुसरा बालाघाटवरून जबलपूरला. नागपूरची सरळ वाट बंद पडली, तर बल्लारशाह व सेवाग्रामचा वळसा घेऊन नागपूर गाठता येते. पण हा वळसा गाडी अडल्यावर शोधायचा, की आधीच ठरवून ठेवायचा? सारे मर्म यातच आहे बघा.

तारांच्या जाळ्यात जंक्शनचे काम 'स्विच' नावाचे यंत्र करते. मग दोन्ही वाटा सदा उघड्या का ठेवू नयेत? कारण वाटांचे कडे झाले, की सर्वांसाठी सोडलेला संदेश त्यात गरगर फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढतात आणि जाळे गुदमरते. १९८५ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रेडिया पर्लमन या विदुषींनी यावर तोड काढली. स्विचांनी आपसात ठरवून एक जोडणी राखीव ठेवायची आणि मुख्य वाट तुटली की ती उघडायची. त्या पद्धतीत नवी वाट सुरू व्हायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारणेत पर्यायी दार आधीच नेमलेले असते, त्यामुळे बदल बहुधा सेकंद-दोन सेकंदांत होतो. कड्याच्या रचनेसाठी २००८ मध्ये आलेल्या नियमांचे लक्ष्य तर ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग!

मात्र दोन तारा म्हणजे दोन वाटा नव्हेत, बरं का. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री तारा एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. एकाच नालीत घातलेल्या दोन तारा एकाच घावात जातात.

सरकारची २०११ मधील योजना, म्हणजे आजचे भारतनेट, प्रथम बहुतांशी सरळ रेषेत आखली होती. मध्ये तुटले की पुढची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात कड्याची रचना स्वीकारली आहे.

आपल्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जोडणी येईल तेव्हा अभियंत्याला तीन गोष्टी विचारा. दुसरी तार वेगळ्या रस्त्याने येते काय? वीज गेली तर स्विच चालू राहतो काय? आणि मुख्य तार मुद्दाम काढून राखीव वाट तपासली आहे काय? न तपासलेली राखीव वाट म्हणजे कधी न उघडलेले कुलूप. ऐन वेळी किल्ली लागेलच, याचा भरवसा नाही.